झाडपाल्याची पहिली आवृत्ती

पहिल्याच भेटीत नागनाथअप्पांनी मला निरुत्तर केलं, आणि खरं सांगायचं तर मला ते अजिबात आवडलं नाही. मुरूमच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला होता. ग्रंथालयशास्त्राची पदवी आणि लातूरचा आठ वर्षांचा अनुभव, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात सहा इंची पट्टी अशा थाटात हे पंचाहत्तरीकडं झुकलेले गृहस्थ काउंटरपाशी आले आणि त्यांनी शेतीवरच्या एका जुन्या पुस्तकाचं नाव सांगितलं. मी संगणकात बघितलं आणि म्हणाले, "आहे."

"काय आहे?"

"पुस्तक."

"ते झालं हो. पण कृती हाय, आवृत्ती हाय, का प्रत हाय?"

मला वाटलं, म्हातारबुवा थट्टा करताहेत. पण चेहऱ्यावर थट्टेची रेषही नव्हती. लेखकानं जे लिहिलं ती कृती, ती जगात कुणाकडं नसली तरी असतेच. ती अमुक छापखान्यात अमुक पानांची छापली गेली, ती आवृत्ती. आणि तुमच्या कपाटात शिक्का मारून उभी आहे ती प्रत. हे सगळं त्यांनी शांतपणे मला समजावून सांगितलं, जणू मी बालवाडीतून आले होते. तुमच्या मशीनमध्ये नाव आहे म्हणजे कृती तुम्हाला माहीत आहे एवढंच, मला तिसरी आवृत्ती हवी आहे, आणि प्रत जागेवर आहे का ते तुम्ही अजून बघितलेलंच नाही, असं ते म्हणाले. मी तणतणत कपाटाकडं गेले. प्रत जागेवर नव्हती. रजिस्टर उघडलं तर आवृत्तीही दुसरीच निघाली.

अप्पांनी तालुक्यातल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात तीसेक वर्षं ग्रंथपालकी केली होती. वाचनालयाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. निवृत्त होऊनही त्यांची ग्रंथपालकी काही सुटली नव्हती. कुणाच्या लग्नाला गेले की हे अक्षता टाकायच्या आधी त्या घरातलं पुस्तकांचं फडताळ शोधायचे, आणि पंगत बसली तरी तिथंच सापडायचे. पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बघायचं नाही, प्रस्तावना वाचायची नाही. सरळ शीर्षकपानाची मागची बाजू. तिथं प्रकाशक, छापखाना आणि आवृत्ती लिहिलेली असते, त्याला ते जन्मदाखला म्हणायचे. मग पट्टी काढून उंची मोजायची, शेवटच्या पानाचा आकडा बघायचा आणि वहीत लिहून घ्यायचं. जन्मदाखला फाटलेला असला की त्यांना खरोखर वाईट वाटायचं, कुणाच्या घरी दुःख झालंय असा चेहरा करायचे.

घरात काकू त्यांची यथेच्छ फिरकी घ्यायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेले तेव्हा काकूंनी चहा आणला आणि अप्पांपुढं ठेवत म्हणाल्या, "चहा ही कृती. आज आलं घातलंय, ही आवृत्ती. अन् ह्यो कप ही तुमची प्रत, गार व्हायच्या आत घ्या." अप्पा हसले नाहीत. बरोबर आहे असं म्हणून त्यांनी कप उचलला.

समजावून सांगण्यात मात्र ते हयगय करत नसत. आमच्या वाचनकक्षात बसलेल्या एका शेतकऱ्यानं एकदा त्यांना विचारलं, की पुस्तक एकच, मग त्याची तीन-तीन नावं कशाला? अप्पांनी त्याला त्याच्या ज्वारीबद्दल विचारलं. मालदांडी हे वाण, औंदा तुमच्या रानात पेरली ती आवृत्ती आणि घरातलं पोतं ही प्रत, एवढं सांगून ते म्हणाले, "पोत्याला किडा लागला म्हणून मालदांडीला नावं ठेवता का तुम्ही?" शेतकरी पटकन न्हाय म्हणाला. मला कॉलेजात दोन वर्षं शिकूनही इतकं सोपं करून सांगता आलं नसतं, हे मी मनातल्या मनात कबूल केलं. तोंडानं नाही केलं.

आमची खरी गट्टी जमली ती भांडणातून. इंटरनेटवर एक माहितीसंच आहे. जगभरातली माणसं हौसेनं त्यात माहिती भरतात. कुणीही नोंद करावी, कुणीही दुसऱ्याची नोंद सुधारावी, असा तो कारभार. मराठी पुस्तकं त्यात फार कमी, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी आमच्या ग्रंथालयाच्या याद्या घेऊन बसायची आणि एका बैठकीत दोनदोनशे नोंदी ढकलायची. लेखक, प्रकाशक, वर्ष, पानं, अगदी आमचा दाखल क्रमांकसुद्धा एकाच नोंदीत. आकडा वाढताना बघून फार बरं वाटायचं. एकदा अप्पांनी माझ्या खांद्यावरून पडद्यावर बघितलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसलेच.

"हे कुणी केलं?"

"मी."

"सगळं एकाच ताटात कालवलंय की हो तुम्ही."

त्या माहितीसंचात कृतीची नोंद वेगळी, आवृत्तीची वेगळी आणि लागली तर प्रतीचीही वेगळी, आणि त्या एकमेकींना जोडायच्या, अशी सोय पहिल्यापासून होती. मला ती माहीत होती. मला तो उद्योग नको होता, एवढंच. अप्पांना ते दाखवल्यावर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आपल्यासारखाच विचार करणारं कुणीतरी परमुलखात बसलेलं आहे, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की ते म्हणाले, "म्हंजे तिकडंबी कुणीतरी बेजार झालंय म्हणायचं." दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी दहाला यायला लागले. एका बोटानं टंकायचे. सकाळभरात तीन नोंदी, चौथी नाही. नियम एकच, जे पुस्तक हातात घेतलेलं नाही त्याची नोंद करायची नाही. मी त्यांच्या तीन नोंदींना हसायची आणि ते माझ्या दोनशे नोंदी निस्तरत बसायचे.

त्यांची एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. आठवडी बाजाराच्या दिवशी ते घराबाहेर पडत नसत. कॉलेजला यायची वाट बाजारावरून जाते, त्यामुळे त्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, की वीसेक वर्षं झाली, मिरची-लसूणसुद्धा हे दुसऱ्याला सांगून आणतात, आणि कारण विचारलं की उठून परसात जातात.

मग माझ्या हातून ती चूक झाली. एके दिवशी मला 'बालाघाटचा झाडपाला' या पुस्तकाच्या, अप्पांनीच केलेल्या, आवृत्तीच्या दोन नोंदी दिसल्या. लेखक एकच, आमच्याच भागातल्या वाशीकडचे गोरे गुरुजी नावाचे प्राथमिक शिक्षक. प्रकाशक तोच. एका नोंदीत शहाण्णव पानं नीट लिहिलेली, प्रतही जोडलेली. दुसऱ्या नोंदीत नुसतीच एकशे बारा पानं, प्रत नाही, पुरावा नाही. अप्पांनी स्वतःचा नियम मोडून न पाहिलेल्या पुस्तकाची नोंद केलेली बघून मला गंमतच वाटली. म्हाताऱ्यांची नजरचूक झाली असं समजून मी दोन्ही नोंदी एक करून टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते आल्यावर मोठ्या फुशारकीनं सांगितलंही.

अप्पा चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. त्या नोंदी पुन्हा वेगळ्या करा, असं हळूच म्हणाले. मी म्हटलं, अहो, एकच पुस्तक आहे ते.

"मीबी असंच म्हणलो होतो," ते म्हणाले, आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, काकूंनासुद्धा नाही.

गोरे गुरुजी बालाघाटच्या डोंगरात गावोगाव पायी हिंडले होते. कुठली वनस्पती कोणत्या गावात कशासाठी वापरतात, गुरांना काय झालं की काय पाजतात, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून त्यांनी लिहून घेतलं आणि पुस्तक काढलं. त्याच्या शेवटी सोळा पानांचा एक फर्मा होता. कोणत्या गावच्या कुणी काय सांगितलं, त्या सगळ्यांची नावं. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा कागद वाचवायला प्रकाशकानं तो फर्माच गाळला. अप्पांच्या वाचनालयात दुसऱ्या आवृत्तीच्या दोन प्रती होत्या आणि पहिलीची एक, शिवण सुटलेली. त्या वर्षी निर्लेखन निघालं. म्हणजे फाटकी आणि जादा पुस्तकं रजिस्टरमधून कमी करून रद्दीत घालायची. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती कशाला, म्हणून अप्पांनी ती फाटकी प्रत लाल शाईनं खोडली.

पुढच्याच वर्षी रुक्मिणबाई वाचनालयात आली. मुरूमच्या बाजारात मिरची-लसूण विकणारी बाई, माहेर बेंबळीचं. तिची आई चंद्रभागा बेंबळीला अंथरुणाला खिळली होती. जनावराच्या पोटफुगीवरचं आपलं औषध गुरुजींनी लिहून नेलं आणि पुस्तकात आपलं नाव छापलं, असं ती आई जन्मभर सांगत आली होती. घरात कुणाला खरं वाटत नव्हतं. सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. आईचं नाव एकदा वाचून घ्यावं आणि बेंबळीला जाऊन तिला सांगावं, म्हणून रुक्मिणबाई आली होती. तिला वाचता येत नव्हतं. अप्पांनी कपाटातलं पुस्तक काढलं आणि तिच्यासमोर दोनदा पानन् पान उलटलं. पोटफुगीचं औषध होतं. नाव नव्हतं. तसं त्यांनी तिला सांगितलं, आणि ती गेली.

संध्याकाळी जेवताना त्यांना त्या फाटक्या प्रतीची जाडी आठवली. सकाळी उठून रद्दीवाल्याकडं धावले, पण त्या पानांच्या कधीच पुड्या झाल्या होत्या. महिन्याच्या आत चंद्रभागाबाई गेल्याचं त्यांच्या कानावर आलं.

"मी 'ह्या आवृत्तीत न्हाय' म्हणायला पाहिजे होतं, मॅडम," अप्पा म्हणाले. "'पुस्तकात न्हाय' म्हणलो."

मी विचारलं, मग नंतर तिला जाऊन सांगितलं का नाही? तर ते म्हणाले, सांगणार काय? पाठीमागं नावांची यादी होती एवढंच त्यांना आठवत होतं. त्या यादीत चंद्रभागेचं नाव होतं का नव्हतं, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. हातात प्रत असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं, आणि त्यात वीस वर्षं गेली. बाजार त्यांनी का सोडला होता ते मला तेव्हा कळलं. मला माझी फार लाज वाटली. मी त्याच क्षणी नोंदी वेगळ्या केल्या.

प्रत्येक नोंदीला तिच्याबद्दल बोलायचं एक चर्चापान असतं; आठवडाभरात तिथं कुण्या अनोळखी माणसानं लिहिलं, की या एकशे बारा पानी आवृत्तीला पुरावा काय? नसेल तर नोंद काढून टाकावी. मी भडकले. हातात पुस्तक न घेता दूरवर बसून लोकांच्या नोंदी उडवणाऱ्यांना चांगलं झाडायचं म्हणून उत्तर लिहायलाही घेतलं. अप्पांनी मला थांबवलं. त्याचं बरोबर आहे, त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं, असं म्हणून ते उठले आणि दोन दिवसांनी जुन्या वाचनालयातून दाखल रजिस्टरच्या पानाचे फोटो घेऊन आले. पुस्तकाचं नाव, प्रथमावृत्ती, पृष्ठे एकशे बारा. समोर लाल शाईत 'निर्लेखित' आणि खाली त्यांचीच सही.

ते पान पुरावा म्हणून जोडलं. पण अप्पांचं तेवढ्यावर समाधान होईना. त्या प्रतीचीही नोंद करा म्हणाले. मी म्हटलं, अप्पा, तिच्या तर पुड्या झाल्या.

"प्रत गेली म्हणून ती नव्हती असं होत न्हाय. होती, अन् गेली, असं लिहा. कुणी घालवली तेबी लिहा."

कुणी घालवली हे लिहायला त्या नोंदीत रकाना नव्हता. मग त्यांनी ते चर्चापानावर माझ्याकडून लिहून घेतलं, स्वतःच्या पूर्ण नावानिशी. त्या अनोळखी माणसानं आभार मानले आणि नोंद राहू दिली. पुन्हा कधी त्यानं काही विचारलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं अप्पा पहिल्या आवृत्तीची दुसरी एखादी प्रत शोधत होते. पाय सुजायचे, साखर वाढलेली, आणि हे एसटीनं आज वाशी, उद्या परंडा. गोरे गुरुजींच्या घरचे कधीच गाव सोडून गेले होते. शाळांची कपाटं झाली, मठ झाले, मास्तरांची घरं झाली. बेंबळीलाही जाऊन आले, पण चंद्रभागाबाईच्या घरावरून जाताना मान खाली घालून गेलो, असं त्यांनीच मला सांगितलं. काकू माझ्यावर चिडायच्या, की तुमच्या त्या मशीनपायी हे कुठंतरी पडतील. मी त्यांना खरं कारण सांगू शकत नव्हते. अप्पांनी शपथ घातली होती.

एका दुपारी मला फोन आला. मागून एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता. अप्पा एवढंच म्हणाले, "मॅडम, एकशे बारा." आणि फोन ठेवला.

वाशीजवळच्या एका खेड्यात गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा एक निवृत्त ड्रेसर राहत होता. त्यानं ते पुस्तक तीस वर्षं रोजच्या कामात वापरलं होतं. मुखपृष्ठ नाही, पानांवर तेलाचे डाग, पण शेवटचा फर्मा शाबूत. कशासाठी हवं ते ऐकल्यावर त्यानं ते अप्पांना देऊनच टाकलं. दुसऱ्या दिवशी अप्पा आले आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून उभे राहिले. शेवटच्या पानाचा आकडा त्यांनी बघितला होता, पण यादी वाचली नव्हती. तुम्ही वाचा, म्हणाले. मी गावांच्या नावांवरून बोट फिरवत गेले. बेंबळीखाली चार नावं होती. तिसरं 'चंद्रभागाबाई माने, जनावरांची पोटफुगी, वासरांची हगवण'. मी ते मोठ्यानं वाचलं. अप्पांनी मला ते आणखी एकदा वाचायला लावलं, मग बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मी त्या पानाची मोठी छापील प्रत काढून देऊ का विचारलं. नको म्हणाले, पुस्तकच न्यायचं. आणि मला बरोबर चला म्हणाले, एकट्यानं जमायचं नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी अप्पा गेले. पण आजही मला ते आठवतात ते त्या दुपारचे, रुक्मिणबाईच्या पत्र्याच्या घरात, पोत्यावर मांडी घालून बसलेले. ती आता सत्तरीची झाली होती. दारात बघताच तिनं त्यांना ओळखलं, वाचनालयवाले न्हवं का तुम्ही, असं विचारलं. अप्पांनी आधी आपली चूक सांगितली. एक शब्द न गाळता, मध्ये कुठंही न थांबता. फाटकी प्रत, लाल शाई, रद्दी, सगळं. मग पुस्तक उघडून नाव वाचलं. रुक्मिणबाईनं कुठं लिहिलंय ते दाखवा म्हटलं. अप्पांनी तिचं बोट धरून त्या ओळीवर नेऊन ठेवलं. ती वाकून त्या अक्षरांकडं बघत राहिली.

"म्या आईला जाऊन सांगितलं, न्हाय म्हणं तुजं नाव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तर ती म्हणाली, वाचनालयाचा माणूस कशाला खोटं बोलंल? माज्याच ध्यानात चुकलं आसंल. मग मरस्तवर पुन्यांदा बोलली न्हाय त्याचं."

ती उठून आत गेली आणि परातीतून भाकरी आणि ठेचा घेऊन आली. आता जेवल्याबिगर जायचं नाही, असं म्हणाली. अप्पांनी परातीला हात जोडले आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडाकडं नेता नेता त्यांचा हात थांबला आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे, आवाज करून. तिनं वर बघितलं नाही. पुस्तक पुन्हा मांडीवर घेऊन तिनं ती ओळ शोधली, बोट तिच्यावर टेकवलं आणि ते तसंच धरून म्हणाली, "जेवा. आईचं घर समजा."